स्टेनलेसमध्ये आटे पाडायला वनस्पती तेलाचं अ‍ॅडिटिव्ह
कुपवाड एमआयडीसीत माझं लेथचं वर्कशॉप आहे. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलमध्ये आटे पाडताना टॅप (भोकात आटे कापायचं हत्यार) सारखे तुटायचे, म्हणून वनस्पती तेलावर गंधकाची प्रक्रिया करून बनवलेलं हे अ‍ॅडिटिव्ह कटिंग ऑइलमध्ये मिसळलं. टॅप आता मोकळा फिरतो, आटे स्वच्छ येतात. तेलाचे रेणू धातूला धरून राहतात; धार तापली की गंधकामुळे लोखंडावर पातळ थर बसतो, घर्षण कमी होतं. साध्या खनिज तेलाला हे जमत नाही. महाग आहे, पण अडकलेल्या टॅपपायी अख्खा जॉब (ज्यावर काम चाललंय तो भाग) भंगारात जातो, त्यापुढे डब्याची किंमत मला जड नाही. पितळ-तांब्याला मात्र वापरू नका, काळं पडतं. वास उग्र. मशीन रोज पुसा, नाहीतर तेल हवेनं घट्ट होऊन मशीनच्या सरकत्या भागांवर, म्हणजे स्लाइडवर चिकटतं.