कन्सल्टिंगची पदवी आणि आमचे 2,78,700 रुपये

मुलीला बारावीनंतर मॅनेजमेंट कन्सल्टंट, म्हणजे कंपन्यांना कारभाराचा सल्ला देणारी, व्हायचं होतं. 'बीबीए इन मॅनेजमेंट कन्सल्टिंग' एवढं वाचूनच आम्ही पाघळलो. माहितीपत्रकावर मॅकिन्झी, बीसीजी, बेन या बड्या कन्सल्टिंग कंपन्यांचे लोगो. 'दोनच सीट उरल्यात' वगैरे नाटकं तुम्हाला ठाऊक आहेत.

नोंदणीचे 25,000. पहिल्या वर्षाची फी 2,12,400. 'केस इंटरव्ह्यू'च्या, म्हणजे धंद्यातली एखादी अडचण सोडवायला देतात त्या मुलाखतीच्या, तयारीचे वेगळे 41,300.

आता ती फीची पावती. 1,80,000 आणि त्याखाली ठळक अक्षरांत 18 टक्के जीएसटी, 32,400. मान्यताप्राप्त पदवीच्या शिक्षण शुल्कावर जीएसटी नसतो, तो क्लासवाल्यांना लागतो. आणि मी अकाउंट्समध्ये आहे हो! दर महिन्याला लोकांची रिटर्न भरते. त्या दिवशी काउंटरवर उभी राहून बेरीज तेवढी तपासली आणि 'चला, बिल तरी पक्कं देतात' म्हणून उलट खूश झाले. मुलगी शेजारी उभी, शेवटची तारीख, मागे रांग... तुम्ही तरी काय केलं असतं?

परीक्षेचा फॉर्म विचारला तेव्हा उलगडलं: मागे विद्यापीठच नाही. मिळणार होतं ते संस्थेचंच सर्टिफिकेट. पदवी कोण देऊ शकतं ते यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा, 1956च्या कलम 22 मध्ये स्पष्ट आहे. पैसे भरण्याआधी यूजीसीच्या साइटवर विद्यापीठाचं नाव शोधा, बोगस विद्यापीठांची यादीही तिथेच आहे.

चौकीत साहेब म्हणाले, "मॅडम, सहा महिने शिकवलं ना? मग फसवणूक कसली, दिवाणी मामला आहे." भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 मी दाखवलं तर म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला आधीचा अर्जच सापडेना. दुसऱ्या एका सरकारी कार्यालयाने 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग केली आहे' असं कळवलं. तो विभाग कुठला, हे तिथल्या कुणालाच सांगता येईना. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका, बायांनो.

आणि मुळात कन्सल्टिंगला 'कन्सल्टिंगची पदवी' लागतच नाही! इंजिनिअरिंग, अर्थशास्त्र, स्टॅटिस्टिक्स, कॉमर्स, काहीही चालतं. या कंपन्या ठरावीक कॉलेजांच्या कॅम्पसवर जातात, मार्क बघतात, केस सोडवायला लावतात. हे मला कुणी सांगितलं? मुलीच्या मैत्रिणीच्या भावाने, फुकट, चहा पिता पिता.

मुलगी आता बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सला आहे, एक वर्ष मागे. पावती मी फाईलला लावून ठेवलीये. चौकीत पुन्हा सोमवारी बोलावलंय.