ज्युनिअर ट्रेडरची मुलाखत: परीक्षा चांगली, करार उशिरा

२०२५ च्या जुलै महिन्यात मुंबईतील एका प्रोप्रायटरी ट्रेडिंग कंपनीत, म्हणजे ग्राहकांच्या नव्हे तर स्वतःच्या पैशाने बाजारात सौदे करणाऱ्या कंपनीत, ज्युनिअर ट्रेडर या पदासाठी मी चार फेऱ्यांची मुलाखत दिली. माझी निवड झाली नाही, हे सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढील स्तुती आणि तक्रार दोन्ही वाचकाला योग्य मापाने घेता येतील. कंपनीचे नाव देत नाही. कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, एवढे पुरे. मी नाशिकचा, मेकॅनिकल अभियंता, आणि अर्ज करण्यापूर्वी एनआयएसएम या रोखे बाजाराचे शिक्षण देणाऱ्या संस्थेची सिरीज ८, म्हणजे इक्विटी डेरिव्हेटिव्हजची (शेअर्सच्या भावावर आधारलेल्या करारांची) परीक्षा उत्तीर्ण झालो होतो. तिच्यात शंभर प्रश्न, दोन तास आणि चुकीच्या उत्तराला पंचवीस टक्के गुणकपात असते. ब्रोकरच्या टर्मिनलवर सौदे टाकण्यासाठी ते प्रमाणपत्र लागतेच, परंतु मुलाखतीत त्याविषयी कोणीही एक शब्द विचारला नाही.

पहिली फेरी घरबसल्या द्यायची अंकगणिताची चाचणी होती: आठ मिनिटांत ऐंशी प्रश्न, कॅल्क्युलेटर नाही, कागद नाही, आणि चुकीला उणे गुण. एका प्रश्नाला सहा सेकंद मिळतात. तयारीसाठी मी झेटामॅक नावाचा, एकशेवीस सेकंदांचा, फुकट मिळणारा बेरीज-गुणाकाराचा खेळ महिनाभर रोज सकाळी खेळत होतो आणि त्याचा उपयोगही झाला. पण खरी मदत आजोबांनी केली. लहानपणी त्यांनी माझ्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेतले होते, आणि तेव्हा मला तो निव्वळ छळ वाटत असे. पडद्यावर ०.७५ गुणिले ६४ किंवा २.५ गुणिले ३६ असे आले की दशांशचिन्हाकडे न पाहताच अठ्ठेचाळीस आणि नव्वद ही उत्तरे तोंडात येत होती. चाचणीचे नियोजन नेटके होते, वेळ अचूक सुरू झाली, आणि निकाल दोन दिवसांत कळला. दूरध्वनीवरील दुसरी फेरी पंधरा मिनिटांची आणि औपचारिक होती. तिच्याविषयी सांगण्यासारखे एवढेच की करारासंबंधी काही विचारायचे आहे का, असे मला विचारण्यात आले नाही, आणि मलाही ते सुचले नाही.

तिसरी फेरी कार्यालयात, अर्धा दिवस चालणारी होती, आणि हे परीक्षण लिहावेसे वाटले ते मुख्यतः तिच्यामुळे. ट्रेडरची मुलाखत म्हणजे चार्ट समोर ठेवून ‘आता वर जाईल की खाली’ असे विचारतील, अशी माझ्या मित्रांची समजूत होती आणि थोडीफार माझीही. त्या अर्ध्या दिवसात एकही चार्ट दिसला नाही. सुरुवात फाशांनी झाली. एक फासा टाकायचा, जितके ठिपके पडतील तितके रुपये मिळतील, तर या खेळाची रास्त किंमत किती? साडेतीन, म्हणजे आजोबांचे औट. नको वाटल्यास एकदा पुन्हा टाकण्याची मुभा असेल तर? चार, पाच किंवा सहा पडल्यास थांबावे, नाही तर पुन्हा टाकावा, किंमत सव्वाचार. दोनदा पुन्हा टाकण्याची मुभा असेल आणि पहिल्याच वेळी चार पडले तर? मी घाईने म्हणालो की थांबेन. समोरच्या बाईंनी फक्त विचारले, “हातात चार आहेत, उरलेल्या खेळाची किंमत किती, ते तुम्हीच आत्ता सांगितलेत ना?” उरलेला खेळ सव्वाचारचा होता, म्हणून चार सोडायला हवेत, आणि पूर्ण खेळाची किंमत सुमारे ४.६७ येते. चूक दाखवून दिली गेली, पण उत्तर हाती दिले गेले नाही. दिवसभर हीच पद्धत पाळली गेली, आणि ती मला फार आवडली.

त्यानंतर भाव देण्याचा खेळ झाला. ज्या राशीची नेमकी किंमत ठाऊक नाही तिचा खरेदीभाव आणि विक्रीभाव तुम्ही एकाच वेळी सांगायचे, आणि समोरच्याने हवे तर तुमच्याकडून घ्यायचे, हवे तर तुम्हाला विकायचे. विषय होता: सीएसएमटी ते कल्याण धीम्या लोकलची स्थानके, दोन्ही टोके धरून. मी नाशिकहून गाडीने येणारा. माझ्यासाठी कल्याण, ठाणे, दादर ही तीनच स्थानके खरी. मी वीस-चोवीस असा भाव दिला. मुलाखत घेणारे गृहस्थ म्हणाले, “चोवीसला घेतले एक.” पुन्हा भाव विचारला; मी पुन्हा वीस-चोवीसच दिला. त्यांनी पुन्हा चोवीसला घेतले. तिसऱ्या वेळी मी घाबरून तेवीस-सत्तावीस म्हणालो, तेव्हा ते हसले आणि सौदा केला नाही. स्थानके सव्वीस आहेत. दोन सौद्यांत मिळून माझे चार रुपये गेले.

“पहिल्या सौद्यात चूक नव्हती,” ते मराठीत म्हणाले, “तुम्हाला माहीत नव्हते, रुंद भाव दिलात, ठीक. पण मी घेतल्यावर तुम्हाला काहीच कळले नाही का?” मग त्यांनी सांगितले की ते डोंबिवलीचे आहेत. या एका वाक्यात त्या कामाचा गाभा होता. जो माणूस तुमच्याकडून उत्साहाने विकत घेतो आहे त्याला कदाचित तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, म्हणून प्रत्येक सौदा हीच एक बातमी समजून भाव सरकवायचा असतो. पुस्तकात मी हे वाचले होते. चार रुपयांत ते जितके कळले तितके पुस्तकाने कळले नव्हते. परतीच्या वाटेवर कुर्ल्याहून धीमी लोकल मुद्दाम पकडून मी स्थानके मोजली, आणि नाहूर व कोपर अस्तित्वात असल्याची नोंद घेतली.

दुपारच्या सत्रात प्रश्न बाजाराकडे वळले. निफ्टी फ्युचर २५,००० वर आहे, त्याच मुदतीचा २५,००० चा कॉल २१० ला आणि पुट १९० ला मिळतो, काय कराल? (फ्युचर म्हणजे आज भाव ठरवून पुढच्या तारखेला पुरा करायचा सौदा; कॉल म्हणजे ठरल्या भावाने घेण्याचा आणि पुट म्हणजे विकण्याचा हक्क. हे दोन्ही ऑप्शन, आणि तो ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक.) कॉल आणि पुट यांतील फरक स्ट्राइकमध्ये मिळवला की कृत्रिम, म्हणजे कॉल आणि पुट जोडून बनणारे, फ्युचर २५,०२० ला पडते, म्हणून कॉल विकावा, पुट घ्यावा, फ्युचर घ्यावे आणि वीस अंक बांधून टाकावेत. हे मी लगेच सांगितले आणि मनात स्वतःची पाठ थोपटली. पुढचा प्रश्न आला: “वीसपैकी हातात किती राहतील?” फ्युचर कधी तरी विकून बाहेर पडायचे असेल तर त्यावर तेव्हाच्या ०.०२ टक्के दराने रोखे व्यवहार कर, म्हणजे सुमारे पाच अंक, तिथेच जातात. तेव्हाच्या ७५ च्या एका लॉटमागे, म्हणजे सौद्याच्या ठरलेल्या संचामागे, दिसणाऱ्या १,५०० रुपयांतले ३७५. विकलेल्या ऑप्शनच्या प्रीमियमवर, म्हणजे किमतीवर, तेव्हाचा ०.१ टक्का कर, शेअर बाजाराचे शुल्क, मुद्रांक शुल्क, आणि तिन्ही बाजूंचे खरेदी-विक्रीभावातील अंतर वेगळेच. हा हिशेब मी अडखळत केला. माझी निवड न होण्याचे कारण शोधायचेच झाले तर मी इथे शोधेन.

त्याच जुलै महिन्याच्या ३ तारखेला सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढून सुमारे ४,८४३ कोटी रुपये जप्त करण्याचे निर्देश दिले होते, तेव्हा त्याविषयी विचारणार हे उघड होते. मत विचारले नाही. आदेशात वर्णिलेली पद्धत समजावून सांगायला लावली. सकाळी बँक निफ्टी या बँकांच्या निर्देशांकातील शेअर्स आणि फ्युचर्स जोरात खरेदी करून निर्देशांक वर न्यायचा, त्याच वेळी ऑप्शनमध्ये कितीतरी मोठी उलट बाजू उभारायची, आणि नंतर खरेदी केलेले विकून टाकायचे, असा सेबीचा आरोप आहे. कंपनीने तो नाकारला आहे. यात तोटा कुठे होतो आणि नफा कुठे, हे कागदावर मांडायचे होते. वर्तमानपत्र वाचले आहे की मथळे, हे तपासण्याचा हा प्रामाणिक मार्ग वाटला.

‘स्वतः ट्रेडिंग करता का?’ हा प्रश्न उमेदवारांना भीतीदायक वाटतो. मी ऑप्शनमध्ये अठरा हजार रुपये घालवल्याचे खरे सांगितले. सप्टेंबर २०२४ मधील सेबीच्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत फ्युचर-ऑप्शनमधील ९३ टक्के व्यक्तिगत गुंतवणूकदारांचा तोटा झाला होता, त्यामुळे मी बहुमतात होतो. त्यांना तोट्याशी देणेघेणे नव्हते. सौद्यांची वही ठेवली होती का, एवढेच त्यांनी विचारले. ती मी ठेवली नव्हती. त्याच अभ्यासात असेही होते की २०२३-२४ मध्ये प्रोप्रायटरी ट्रेडर्सच्या नफ्यापैकी ९६ टक्के नफा अल्गोरिदमने केलेल्या सौद्यांतून आला. मग माणसाचे काम काय उरते, असे मी विचारले असता मिळालेले उत्तर सरळ होते: पहिले वर्षभर यंत्राच्या सौद्यांवर लक्ष ठेवायचे, ते विचित्र वागू लागले तर थांबवायचे, आणि संध्याकाळी ते तसे का वागले याचा हिशेब लिहायचा. नोकरीचे इतके निर्मळ वर्णन मी दुसऱ्या कोणत्याही मुलाखतीत ऐकलेले नाही.

शेवटी नाण्याचा खेळ झाला: छापा पडण्याची शक्यता साठ टक्के, हे आधीच जाहीर, हातात शंभर खोटे रुपये, प्रत्येक वेळी किती लावायचे ते तुम्ही ठरवा. किती पैसे लावावेत हे सांगणाऱ्या, जॉन केली या शास्त्रज्ञाच्या १९५६ च्या सूत्राप्रमाणे दर वेळी जवळच्या रकमेचा पाचवा हिस्सा लावावा. मला सूत्र ठाऊक होते, तरी दोनदा जिंकल्यावर मी निम्मी रक्कम लावली आणि हरलो. याच खेळाचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला हघानी आणि ड्युई यांचा प्रयोग त्यांनी मला नंतर सांगितला; त्यात ६१ जणांपैकी २८ टक्के लोक जिंकण्यासारखा खेळ असूनही कफल्लक झाले होते. सांत्वन म्हणून ते पुरेसे होते.

चौथ्या फेरीत मात्र सगळी घडी विस्कटली. मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्यांनी पगार सांगून झाल्यावर, मी निघता निघता, दोन वर्षांच्या बंधनाचा उल्लेख केला: त्याआधी सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च म्हणून ठरावीक रक्कम भरावी लागेल, आणि पहिल्या वर्षाचा नफ्यातील वाटा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मिळेल. रक्कम किती, ते निवड झाल्यावर करारात दिसेल. असे बंधन असू नये, असे माझे म्हणणे नाही. मे २०२५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेची अट आणि ती मोडल्यास दोन लाख रुपये भरण्याचे कलम वैध ठरवले आहे, आणि नव्या माणसाला शिकवण्यात कंपनीचा पैसा गुंततो, हेही खरे. माझा आक्षेप क्रमाला आहे. ज्या कार्यालयात सकाळी मला शिकवले गेले की समोरच्याकडे जास्त माहिती असेल तर भाव रुंद करा, त्याच कार्यालयाने सायंकाळी स्वतःची माहिती झाकून ठेवून माझ्याकडे होकाराचा भाव मागितला. मी रुंद भाव दिला, म्हणजे ‘करार वाचून सांगतो’ असे म्हणालो. अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावरून तो आवडला नसावा.

नकार तेवीस दिवसांनी आला, दोन ओळींचा, कारणाशिवाय. अर्धा दिवस इतक्या आस्थेने शिकवणाऱ्या माणसांच्या कंपनीकडून एक वाक्य अधिक अपेक्षित होते. प्रवासखर्च मागितला नव्हता आणि दिलाही गेला नाही. दुपारचे जेवण उत्तम होते.

तिसऱ्या फेरीला पाचपैकी पाच, पहिलीला चार, चौथीला एक आणि नकाराच्या पत्राला अर्धा. बारा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येतो असे त्यात लिहिले आहे. मी करणार आहे. सौद्यांची वही सुरू झाली आहे, आणि या वेळी दूरध्वनीवरच्या त्या पंधरा मिनिटांत पहिला प्रश्न मी विचारणार आहे.