बाबांची डॉक्युमेंटरी करून घेतली, नेरूळच्या त्या दोघांच्या कामाबद्दल

खूप जणांनी विचारलं की बाबांची फिल्म कुणाकडून केली, कितीला पडली, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. नेरूळ पूर्वेला दोघं जण आहेत, एक मुलगा एक मुलगी, तिशीच्या आतले, एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर छोटीशी खोली आहे त्यांची. लग्नं, बारसं वगैरे घेत नाहीत. ज्या माणसाने आयुष्यात काही भोगलंय, कशाविरुद्ध लढलाय किंवा काही धाडस केलंय त्याला बोलतं करायचं आणि त्याची अर्ध्या-पाऊण तासाची फिल्म बनवून द्यायची, एवढंच करतात. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी आधी केलेल्या दोन फिल्म दाखवल्या, एक दिवाळे गावच्या कोळीण आजींची, नवरा गेल्यावर एकटीने होडी चालवणाऱ्या, आणि एक वाशी मार्केटमधल्या माथाडी काकांची. आजींची बघताना मी तिथेच रडले आणि तिथेच ॲडव्हान्स दिला.

आता आमचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही आगरी, मूळ गाव जासईच्या बाजूचं, आता उलव्यात राहतो. १९७० ला नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली आणि ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, भाव मात्र असा की त्यातून माणसाचं आयुष्य उभं राहणार नाही. त्याविरुद्ध दिबांच्या, म्हणजे आमचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले आणि १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दास्तान फाट्यावर आणि पागोट्याला पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. त्या लढ्यातून जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली, आज त्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर ज्यांच्या बिल्डिंगी उभ्या आहेत त्यांनी तरी हे विसरू नये असं मला वाटतं. बाबा तेव्हा २२ वर्षांचे, दास्तान फाट्यावर होते, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यापुढे घरात एक शब्द नाही. दर १६ जानेवारीला कार्यक्रमाला जाणार, शेवटच्या रांगेत बसणार, घरी येऊन न जेवता झोपणार. २४ जून २०२१ ला नवी मुंबई विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून सिडको भवनला घेराव होता तेव्हा मास्क लावून गेले, संध्याकाळी पाय सुजून घरी आले, तरीही काही बोलले नाहीत.

म्हणून मला हे करायचं होतं. दोन वर्षांपूर्वी एका फोटो स्टुडिओकडून 'जीवनप्रवास' नावाचा व्हिडिओ केला होता, नाव लिहीत नाही, त्यात बासरी, ड्रोन, बाबा समुद्राकडे बघताना स्लो मोशनमध्ये, आणि मागे कुणीतरी भारदस्त आवाजात 'संघर्षाचा धगधगता निखारा' वगैरे. बाबांनी अर्धा बघितला आणि उठून गॅलरीत गेले.

या दोघांनी पहिल्या दिवशी कॅमेरा आणलाच नाही. उरण लाईनच्या लोकलने खारकोपरला उतरून आले, आईने केलेली घावनं खाल्ली, बाबांशी वालाच्या शेंगा आणि मिठागरांवर दोन तास बोलले, गेले. दुसऱ्या वेळी पण तसंच. मी जरा वैतागले की पैसे दिलेत, शूट कधी, तर ती मुलगी म्हणाली ताई, काकांना आमचा चेहरा ओळखीचा होऊ दे. तिसऱ्या वेळी लाईट वगैरे काही नाही, खिडकीजवळ खुर्ची, शर्टाला कॉलर माईक, पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढला, कारण फ्रिजची घरघर आपल्याला कळत नाही पण रेकॉर्डिंगमध्ये येते. विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्याकडे विमानांचा आवाज असतो, तो आला की मुलगी हात वर करायची आणि सगळे थांबायचे, बाबा पण. विमान गेलं की मागचं वाक्य परत बोला असं त्यांनी कधीच सांगितलं नाही, जिथे थांबलात तिथून पुढे. शेवटी एक मिनिट सगळ्यांना गप्प बसवून खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड केली, एडिटिंगमध्ये वाक्यं जोडताना मध्ये तीच भरतात म्हणे, नाहीतर प्रत्येक कट कानाला टोचतो.

आणि प्रश्न. तुम्हाला कसं वाटलं, असला प्रश्न एकदाही नाही. त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं, पायात काय होतं, बाजूला कोण उभं होतं, घरी कुठल्या वाटेने आलात. बाबा चपलेपासून सुरू झाले. एक चप्पल खाचरात राहिली, दुसरी हातात घेऊन ते मिठागराच्या बांधावरून धावले, आणि मग म्हणाले, "मी पलालो." पुढे बराच वेळ काहीच नाही. मुलीने विचारलं नाही, कॅमेरा हलला नाही. मग त्यांनी सांगितलं की बाजूचा माणूस पडला तेव्हा त्यांनी त्याला उचललं नाही, आणि बेचाळीस वर्षं ते शेवटच्या रांगेत का बसतात ते मला त्या खोलीत दाराआड उभं राहून कळलं. फिल्ममध्ये ती शांतता ३८ सेकंद तशीच ठेवलीय, खाली म्युझिक नाही. मला याच कामाचे पैसे द्यायचे होते.

त्रास पण झाला तो सांगते. पहिला कट पाच आठवड्यांनी सांगितला होता, आला आठ आठवड्यांनी, आणि मध्ये फोन उचलायचे नाहीत हे मला अजिबात आवडलं नाही. त्यात खाली अक्षरं लिहिली होती ती पुस्तकी, बाबा 'पानी' म्हणतात तिथे 'पाणी', 'पलालो'च्या जागी 'पळालो'. मी भांडले. आमच्या बोलीत ळ चा ल आणि ण चा न होतो, ती चूक नाही, ती आमची भाषा आहे आणि जमिनीसोबत तीही जायला लागलीय. मुलगा म्हणाला की बाहेरच्या लोकांना कळणार नाही, मी म्हटलं कळेल, थोडं वाचावं लागेल. शेवटी त्यांनी सगळं बदललं, जास्तीचे पैसे घेतले नाहीत आणि माफी मागितली, ती मनापासून होती. शेवटी गावाचा वरून शॉट हवा होता पण विमानतळाजवळ परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, मग आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून घेतला, तो मला कमकुवत वाटतो, अटल सेतू उगाचच लांबलाय त्यात.

संमतीचं मात्र त्यांच्याकडून शिकावं. मराठीत दोन पानी कागद, त्यात फिल्म कोण बघणार, ऑनलाईन टाकायची की नाही, कच्चं फुटेज कुणाकडे राहणार, सगळं. आणि आम्हा घरच्यांना दाखवायच्या आधी बाबांना एकट्याला दाखवली, त्यांनी एका पोलीसवाल्याचं नाव काढायला सांगितलं, तो बाजूच्याच गावचा, त्याची नातवंडं आहेत आता, तर कारण न विचारता काढलं. मी मागूनही मला ते फुटेज दिलं नाही. तेव्हा राग आला होता, आता बरोबर वाटतं.

खर्च सगळा मिळून ४२ हजार झाला, दोन हप्त्यांत, हार्ड डिस्क आपण द्यायची. परवडणारं नाही हे मान्य, मी आणि दादाने अर्धे अर्धे केले. महिन्याला एकच काम घेतात त्यामुळे थांबावं लागतं, आणि घाई असेल, वाढदिवसाच्या हॉलमध्ये लावायला काहीतरी हवं असेल तर जाऊच नका, त्यांचा पण वेळ जाईल.

बाबांनी ती तीनदा बघितली. परवा त्या मुलीचा नंबर माझ्याकडून मागून घेतला आणि तिला स्वतः फोन करून गावातल्या तिघांची नावं दिली, त्यातले एक काका ८१ वर्षांचे आहेत, त्यांना दम लागतो, त्यांचं आधी घे म्हणाले, पैशांचं आम्ही गावात बघतो.