हंगेरियन वैद्यकीय टिपणांचे सशुल्क भाषांतर सॉफ्टवेअर : वर्षभराच्या वापरानंतर

वार्षिक वर्गणी पुन्हा भरण्याची सूचना आली आहे, आणि रक्कम पाहता भरण्याआधी चार शब्द लिहिणे भाग आहे. औषधांच्या दुष्परिणामांच्या अहवालांसाठी हंगेरीतील डॉक्टरांची टिपणे मी पुण्यात बसून इंग्रजीत आणतो, आणि माझ्याकडे बहुतेक सांधेदुखीचीच प्रकरणे येतात.

पूर्ण वाक्यांबाबत तक्रारीला जागा नाही. ‘तेर्द’ म्हणजे गुडघा, आणि त्याला चिकटणारे हंगेरियन प्रत्यय हे सॉफ्टवेअर सफाईने सोडवते. ‘फाय्द.’ म्हणजे वेदना, ‘दुझ्झ.’ म्हणजे सूज, हेही त्याला कळते.

घोडे पेंड खाते ते बाजूपाशी. जे.ओ. म्हणजे उजवी, बी.ओ. म्हणजे डावी आणि एमकेओ म्हणजे दोन्ही बाजू, ही अक्षरे या टिपणांत पदोपदी येतात. तरीही हे सॉफ्टवेअर बी.ओ.चे बेधडक ‘दोन्ही’ करून टाकते. या चुकीने निदानाची दिशाच बदलू शकते. एकाच गुडघ्याला अचानक सूज आली, तर डॉक्टर गाउटचा (यूरिक ॲसिड साचून होणाऱ्या सांधेदुखीचा) किंवा सांध्यातील जंतुसंसर्गाचा विचार करतात. दोन्ही हातांचे लहान सांधे सारखेच सुजले असतील आणि सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, तर संशय रूमॅटॉइड आर्थ्रायटिस या दीर्घकाळ चालणाऱ्या संधिवाताकडे वळतो. ग्राहक सेवेचे उत्तर मात्र ठरलेले : संदर्भ अपुरा आहे. ‘तेर्द बी.ओ. दुझ्झ.’ एवढ्याच टिपणात आणखी संदर्भ मी कोठून आणावा?

मध्यंतरी स्वतःची शब्दसूची जोडण्याची सोय आली (अर्थातच महागड्या योजनेत), आणि माझे मत बरेच निवळले. एल.डी. आणि एल.एस. ही उजव्या-डाव्या बाजूची लॅटिन रूपेही त्याच टिपणांत मिसळलेली असतात, तीही सूचीत घातल्यावर नीट उतरू लागली. पण दोन अक्षरांमध्ये मोकळी जागा पडली किंवा एखादा टिंब गळला, की सूची निरुपयोगी ठरते, आणि घाईत असलेले डॉक्टर एकाच परिच्छेदात दोन्ही तऱ्हांनी लिहितात. त्यामुळे प्रत्येक संक्षेपाची सगळी रूपे मलाच भरावी लागली. म्हणजे पैसेही माझे आणि हमालीही माझीच.

वार्षिक वर्गणी मी भरणार नाही. सूचीपुरती मासिक योजना घेईन, आणि अहवाल पुढे पाठवण्याआधी बाजूचा प्रत्येक उल्लेख मूळ टिपणाशी ताडून पाहीन.