शेतासाठी सेंटिनेल-२ बरा की लँडसॅट?

दोन्ही पृथ्वीची चित्रं काढणारे उपग्रह. दोन्हीचा डेटा फुकटच आहे, त्यामुळे पैशाचा प्रश्नच नाही. रान केवढंय आणि किती वर्षं मागं जायचंय, एवढंच बघायचं.

गुंठ्यात हिशोब लावा, लगेच कळतं. सेंटिनेल-२ चा पिक्सेल (चित्रातला सगळ्यात छोटा चौकोन) १० बाय १० मीटर म्हणजे जवळपास बरोब्बर एक गुंठा. लँडसॅट ८ आणि ९ चा ३० मीटरचा म्हणजे साधारण नऊ गुंठे. एकरभर ऊस असेल तर सेंटिनेलमध्ये चाळीसेक पिक्सेल, लँडसॅटमध्ये जेमतेम चार-साडेचार, आणि त्यातले पण बरेचसे बांधावर पडणारे, म्हणजे निम्मा तुमचा ऊस नि निम्मं शेजाऱ्याचं सोयाबीन, त्याचा एनडीव्हीआय (पीक किती हिरवं नि जोमदार ते सांगणारा आकडा) काढून काय करणार? शिवाय सेंटिनेलची जोडी दर ५ दिवसांनी येते, लँडसॅटची ८ दिवसांनी. रेड-एज बँड पण सेंटिनेलकडेच (लाल आणि इन्फ्रारेडच्या मधला प्रकाश टिपणारे; २० मीटरचे, पण पिकाचा हिरवेपणा ओळखायला कामाचे).

मग लँडसॅट कशाला? एक म्हणजे जुना रेकॉर्ड. ही मालिका १९७२ पासून चालूय, सेंटिनेल-२ चा पहिला उपग्रह २०१५ चा. उजनी धरणाचं पाणी १९९० च्या दशकात कुठवर असायचं ते बघायचंय तर दुसरा पर्यायच नाही. दुसरं, थर्मल बँड, म्हणजे जमिनीचं तापमान. सेंटिनेल-२ ला तो नाहीच.

माझं विचाराल तर शेताला सेंटिनेल, धरण-दुष्काळ-शहरवाढ असल्या लांब पल्ल्याच्या कामाला लँडसॅट. फक्त सेंटिनेलची जुनी-नवी चित्रं एकत्र लावताना जपा, जानेवारी २०२२ पासून पिक्सेलच्या आकड्यांत १००० मिळवून देतात, ते वजा नाही केलं तर पीक अचानक वाळल्यासारखं दिसतं आणि माणूस उगाच पाण्याला दोष देत बसतो. गुगलच्या अर्थ इंजिनमध्ये (उपग्रहाची चित्रं ऑनलाइन बघायची-तपासायची सोय) 'हार्मोनाइज्ड' लिहिलेलं कलेक्शन घेतलं की ही कटकट मिटते.

आणि जुलै-ऑगस्टची चित्रं हवी असतील तर दोघांच्याही भरवशावर राहू नका, ढग असले की दोघंही आंधळे. तिथं रडारवाला सेंटिनेल-१ लागतो, त्याला ढगाचं काही नाही. इस्रो-नासाचा निसार उपग्रह पण जुलै २०२५ मध्ये अवकाशात गेलाय, तोही रडारच, १२ दिवसांनी त्याच जागी येणारा. पण रडारच्या चित्रात हिरवं-बिरवं काही दिसत नाही हं, ते वाचायला वेगळं शिकावं लागतं, त्यामुळे नवशिक्यानं आधी रब्बीच्या स्वच्छ आभाळातला सेंटिनेल-२ उघडावा.