हार्थस्टोन धरू की ड्युएलिस्ट? कोल्हापुरातल्या पत्तेवेड्यांसाठी

ड्युएलिस्ट या ऑनलाइन पत्त्यांच्या खेळावर माझा जीव आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल कुठं आहे हे तुमच्या ध्यानात राहील. राजारामपुरी, शाहूपुरीत खोल्या घेऊन राहणारी कॉलेजची पोरं विचारतात, "दादा, ऑनलाइन पत्त्यांचा एक चांगला खेळ धरायचाय. हार्थस्टोन धरू की ते पिक्सेलवालं?" दोन्ही खेळ मी मन लावून खेळलोय. उत्तर एका ओळीत बसत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

हार्थस्टोन ब्लिझार्ड या कंपनीचा, मार्च २०१४ पासून सुरू. समोरासमोर दोन नायक, प्रत्येकाचा जीव ३०, डेकमध्ये, म्हणजे आपल्या पानांच्या गड्डीत, ३० पानं. मॅना, म्हणजे पान उतरवायला लागणारी शक्ती, दर पाळीला एकानं वाढत १० पर्यंत जातो आणि तुमच्या बाजूला एका वेळी जास्तीत जास्त ७ मोहरे, म्हणजे पानांतून उतरवलेले लढवय्ये, उभे राहतात. ड्युएलिस्ट काउंटरप्ले गेम्सचा. २०१४ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर लोकांनी पैसे घातले, एप्रिल २०१६ मध्ये खेळ पूर्ण स्वरूपात आला आणि २७ फेब्रुवारी २०२० ला त्याचे सर्व्हर बंद झाले. मग तो परत उठला. ती हकीकत खाली येईलच.

आधी खरा फरक. हार्थस्टोनमध्ये पान उतरवलं की मोहरा एका ओळीत जाऊन उभा राहतो. शेजारी कोण आहे याला काही पानांपुरतं महत्त्व असतं, पण अंतर नावाची गोष्ट तिथं नाही. कोणीही कोणावरही चालून जाऊ शकतो. ड्युएलिस्टमध्ये ९ बाय ५ घरांचा पट आहे, म्हणजे ४५ घरं. दोन सेनापती दोन टोकांना, प्रत्येकाचा जीव २५, आणि सेनापती स्वतःही चालतो, स्वतःही वार करतो. मोहरा साधारण २ घरं सरकतो आणि लगतच्या ८ घरांपैकी कुठंही मारा करतो. नवा मोहरा उतरवायचा तर आपल्याच कुठल्या तरी माणसाच्या लगत, आणि तो बहुतेक वेळा त्याच पाळीत हलत नाही. एवढ्या साध्या नियमांतून डाव किती खोल जातो, ते खेळल्याशिवाय कळत नाही.

एक उदाहरण देतो. हार्थस्टोनमध्ये 'टाँट' असलेला मोहरा उभा केला की समोरच्या मोहऱ्यांना आधी त्यालाच भिडावं लागतं, मग तो ओळीत कुठंही असो. ड्युएलिस्टमध्ये त्याचाच भाऊ 'प्रोव्होक'. पण त्याचा धाक फक्त लगतच्या घरांपुरता. त्या घरांत सापडलेला शत्रू हलू शकत नाही आणि मारायचं तर प्रोव्होकवाल्यालाच मारावं लागतं. म्हणजे नुसतं पान हातात असून भागत नाही, ते नेमक्या घरात पडलं पाहिजे. एक घर चुकलं की शत्रूचा सेनापती बगल देऊन निघून जातो. एक घर बरोबर पडलं की तोच सेनापती पटाच्या कोपऱ्यात अडकतो आणि पुढच्या दोन पाळ्या तुमच्या. खासबागेत कुस्ती बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. डाव माहीत असणं वेगळं, आणि तो टाकायला पाय योग्य जागी असणं वेगळं.

पटाच्या मधल्या भागात मॅनाची ३ घरं असतात. जो तिथं आधी पाऊल ठेवेल त्याला त्या पाळीपुरता १ मॅना जास्तीचा मिळतो, मग ते घर विझतं. पहिला खेळाडू २ मॅनानं सुरुवात करतो, दुसरा ३ नं. त्यामुळं पहिल्या दोन पाळ्यांतच धावपळ सुरू होते. पुढं जाऊन मॅना उचलायचा की मागं थांबून फळी बांधायची, हा निर्णय दर डावात नव्यानं घ्यावा लागतो. आणखी एक नियम मला फार प्रामाणिक वाटतो. दर पाळीला हातातलं एक पान परत डेकमध्ये टाकून दुसरं घेता येतं. पानं वाईट आली म्हणून हरलो, ही तक्रार त्यानं पुष्कळ कमी होते. हार्थस्टोनमध्ये नशिबाचा हात मोठा आहे. कितीतरी पानं मुद्दामच बेभरवशाची बनवलेली आहेत. लोकांना त्यातली गंमत आवडते, आणि आवडावी अशीच ती आहे. पण हरल्यावर आपलं काय चुकलं हे शोधत बसायला आवडत असेल, तर ड्युएलिस्टमध्ये ते सापडतं.

ड्युएलिस्टमध्ये सहा गट आहेत आणि सहांची चाल वेगळी. लायोनार सेनापतीच्या अवतीभवती फळी धरतात आणि जखमा भरतात. सोंगहाई पाठीमागून वार करतात, आणि त्यांच्याकडं 'जक्स्टापोझिशन' नावाचं पान आहे, ज्यानं कुठल्याही दोन मोहऱ्यांच्या जागांची अदलाबदल होते. व्हेट्रुव्हियन, अॅबिसियन, मॅग्मार, व्हॅनार यांच्याविषयी लिहीत बसलो तर हा लेख संपणार नाही.

चित्रांबद्दल मात्र थांबून बोलायलाच हवं. हार्थस्टोनची पानं रंगीत, गुबगुबीत आणि सुबक आहेत, पडद्यावरचा पट लाकडाच्या पेटीसारखा दिसतो. ड्युएलिस्टमधला प्रत्येक मोहरा पिक्सेल-पिक्सेलनं काढलेला आहे. त्या कामात ब्राझीलचे ग्लाउबर कोटाकी यांचा मोठा वाटा. उभं राहणं, चालणं, वार करणं, वार झेलणं, मरून पडणं, प्रत्येकाची वेगळी हालचाल. मोहरा नुसता उभा असतो तेव्हाही श्वास घेत असतो, खांदे वर-खाली होतात. इतक्या थोड्या ठिपक्यांत इतका डौल मी दुसऱ्या कुठल्या पत्त्यांच्या खेळात पाहिलेला नाही. पुष्कळदा समोरच्याची पाळी चालू असताना मी माझेच मोहरे बघत बसतो.

आता व्यवहाराचं. तुमच्याकडं फक्त फोन असेल तर प्रश्न जवळजवळ मिटला, हार्थस्टोन धरा. तो फोनवर उत्तम चालतो, खेळाडू कधीही मिळतात, आणि २०२१ पासून नव्या माणसाला पानांचा एक मूळ संच फुकट मिळतो. खर्चाची बाजू अशी की दरवर्षी नवे संच येतात आणि स्टँडर्ड प्रकारातून, म्हणजे फक्त अलीकडचे संच चालतात त्या प्रकारातून, जुने बाद होतात. वरच्या पायरीवर राहायचं तर वेळ तरी घालावा लागतो किंवा पैसे तरी. ड्युएलिस्ट लॅपटॉपवर बसून खेळायचा खेळ आहे, आणि त्याचा गोतावळा हार्थस्टोनच्या तुलनेत अगदी लहान आहे. समोर कोणी सापडायला थांबावं लागतं, आणि जो सापडतो तो बहुतेक वेळा मुरलेला असतो. नवख्याला सुरुवातीला मार बसतो. ज्यांना रोज अर्धा तास, पटकन, विरंगुळा हवा त्यांना हे जड जाईल.

सर्व्हर बंद होतात तेव्हा खेळाडूंनी जमवलेली पानं, चढलेल्या पायऱ्या, सगळं त्यांच्याबरोबर जातं. २०२० मध्ये ड्युएलिस्टचं तेच झालं. पण जानेवारी २०२३ मध्ये त्याचा सगळा कोड आणि सगळी चित्रं सीसी-झिरो परवान्याखाली सर्वांसाठी खुली झाली. म्हणजे कुणीही वापरा, बदला, विका, परवानगी मागायची गरज नाही. योगायोग बघा, त्याच महिन्यात ब्लिझार्ड आणि तिची चीनमधली भागीदार कंपनी नेटईज यांचा करार संपल्यामुळं चीनमधलं हार्थस्टोन बंद पडलं, आणि तिथल्या खेळाडूंना सप्टेंबर २०२४ पर्यंत वाट बघावी लागली. एवढा मोठा खेळ, पण दार उघडायची किल्ली खेळाडूंच्या हातात नव्हती. ड्युएलिस्टची किल्ली आता कुणाच्याही हातात आहे. माझं माप झुकतं ते सगळ्यात जास्त इथं.

पुनर्जन्मातही दोन वाटा आहेत. एक, ड्रीम स्लॉथ गेम्सचा ड्युएलिस्ट २. त्यात पाळीच्या शेवटी दोन पानं ओढायची, जी अगदी सुरुवातीच्या चाचणीच्या काळातली रीत होती. हात भरलेला राहतो, डाव वेगानं पेटतो, मोठमोठ्या जोड्या जुळवता येतात. दुसरी, चाहत्यांनी चालवलेली ड्युएलिस्ट जीजी. त्यात २०१६ पासून रुळलेली एका पानाची रीत आहे. तिथं प्रत्येक पान जपून टाकावं लागतं, एकेका मोहऱ्याची किंमत वाढते, आणि म्हणून पटावरची जागा जास्त बोलते. मला दुसरी आवडते. हार्थस्टोनमधून येणाऱ्यालाही तीच सोपी जाईल, कारण दर पाळीला एक पान ही सवय हाताला आधीच असते.

इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी तिसरीही वाट आहे. खुला कोड उतरवून घ्या, डॉकर आणि फायरबेसची जुळणी करा, आणि स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतःचा सर्व्हर उभा करा. बराचसा कोड कॉफीस्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आहे, जुन्या वळणाचा, पण वाचता येण्यासारखा. एखाद्या पानाचा नियम कोडमध्ये कसा लिहिलाय ते उघडून बघितलं की खेळ दुप्पट आवडायला लागतो. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला विषय शोधत असाल तर पटावर मराठी नावं आणण्यापासून सुरुवात करता येईल. नाद खुळा काम होईल.

तेव्हा फोन, थोडा वेळ आणि हवा तेव्हा जोडीदार, अशी गरज असेल तर हार्थस्टोन. लॅपटॉप आहे, बुद्धिबळाची आवड आहे, हरून शिकायची तयारी आहे, तर ड्युएलिस्ट, एका पानाच्या रीतीचा. सुरुवात लायोनार किंवा मॅग्मारनं करा. लायोनार जागा धरायला शिकवतात, मॅग्मारचे थोराड मोहरे छोट्या चुका पोटात घालतात. सोंगहाईकडं नंतर वळा. जिथं एकट्यानं सोडवायची कोडी मिळतील, तिथं ती आधी सोडवा. 'या एकाच पाळीत डाव जिंका' अशा प्रकारची ती असतात, आणि अंतर मोजायची सवय त्यांच्याइतकी लवकर दुसऱ्या कशानं लागत नाही. शक्य असेल तर एक मित्र बरोबर घ्या. दोघं सारखेच नवखे असलात की ओळखीच्या माणसाशी खेळता खेळता पहिले काही आठवडे सुखात जातात, आणि समोर कोणी सापडेपर्यंत थांबायची गरजही उरत नाही.