जुनी पंडित कॉलनी की सिडको? नाशिकमध्ये जुनं घर घेताना

पाथर्डी फाट्यापलीकडच्या नव्या टॉवरमध्ये जायचं नाही आणि गावातल्या वाड्यात राहणं आता जमणार नाही, अशांची गाडी बहुतेक वेळा या दोन नावांवर येऊन थांबते. दोन्ही एकेकाळची उपनगरंच. एक बंगलेवाल्यांचं, दुसरं कामगारांचं.

रविवार कारंजा-भद्रकालीच्या जुन्या गावाबाहेर मुद्दाम वसवलेली वस्ती म्हणाल तर आधी नाव येतं शरणपूरचं. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये ती वसवली. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टनच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेला. घर घेताना याचा काडीचा उपयोग नाही, पण शरणपूर रोडवरून रोज जायचं तर माहीत असलेलं बरं.

याच रस्त्यालगत पंडित कॉलनी आणि टिळकवाडी. जुना बंगला अजून कुठे उभा असेल तर आधी त्याचं जोतं बघा: काळ्या दगडाचं, चांगलं उंच. वर विटांच्या जाड भिंती, सागवानी खिडक्या, पुढे व्हरांडा, चारी बाजूंनी मोकळी जागा. पण तुमच्या वाट्याला येणार तो अशाच एखाद्या प्लॉटवरच्या जुन्या अपार्टमेंटमधला फ्लॅट, बहुधा बिनलिफ्टचा. खाली दवाखाना, शेजारी क्लास, पार्किंगची बोंब. ‘रीडेव्हलपमेंट होणारच आहे’ असं कुणी सांगितलं, तर टेप घेऊन समोरचा रस्ता मोजा. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल त्याचं प्रमाण) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) यांची गणितं कागदावरच राहतात. नाशिकच्या जुन्या कॉलन्यांत सहा आणि साडेसात मीटरचे रस्ते भरपूर आहेत. गंगापूर रोड ओलांडून नदीच्या अंगाला सरकलात, तर पूररेषेचा नकाशाही मागून घ्या.

सिडकोची गोष्टच वेगळी. ज्या सरकारी महामंडळाने ही वसाहत वसवली, त्याचंच नाव तिला पडलं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आलेल्या माणसांना परवडेल असं घर, हा मूळ हिशेब. सहा योजनांत ही वसाहत उभी राहिली, म्हणून पत्ता सांगताना अजून ‘कितवी स्कीम?’ विचारतात. भिंतीला भिंत, एक-दोन खोल्या, पुढेमागे थोडी जागा. ऐपत वाढेल तसं घर वाढवायचं, आणि लोकांनी वाढवलं, अगदी मनसोक्त! ओट्याचं दुकान झालं, मागच्या मोरीवर स्वयंपाकघर आलं, बाहेरून लोखंडी जिना चढवून वर भाडेकरू आला.

म्हणून सिडकोतलं घर दुपारी बघा आणि मधल्या खोलीतला दिवा बंद करायला सांगा. भर दुपारी भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख दिसत नसेल, तर मागेपुढे सगळं बांधून झालंय आणि उजेड-वारा कायमचा गेलाय. वरच्या मजल्याचा भार खालच्या मूळ भिंतींवरच टाकलाय का, हे इंजिनिअरला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका. वाढीव बांधकामाची मंजुरी मागा. पुष्कळदा ती नसतेच. जमीन मुळात सिडको महामंडळाच्या भाडेपट्ट्याची, अजून तशीच असेल तर हस्तांतराला परवानगी आणि शुल्क लागतं. एजंट ‘फ्री होल्ड झालंच समजा’ म्हणेल, म्हणजे भाडेपट्टा जाऊन जमीन मालकीची झाली. त्या घराच्या कागदावर जे लिहिलंय तेवढंच धरा.

मध्येच कुणी देवळाली कॅम्पचे बंगले सुचवेल. हवा झकास, बंगले देखणे. पण कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत जमिनीचा हक्क आणि दुरुस्तीची परवानगी हे प्रकरण पहिल्यांदा घर घेणाऱ्याने अंगावर घेऊ नये.

घरात सत्तरीचे आईवडील असतील तर मी पंडित कॉलनीच म्हणेन, तळमजला किंवा पहिला. डॉक्टर, औषधं, भाजी सगळं पायाखाली. नोकरी अंबडला, मुलं लहान आणि कर्ज बेताचं घ्यायचं असेल तर सिडको. अंगणात मूल सोडता येतं, शेजार जागा असतो. फक्त मजला न चढवलेलं घर शोधा. तसं घर जाहिरातीत सहसा येत नाही. गल्लीतल्या किराणावाल्याला विचारा, कुणाचं विकायचं आहे ते त्याला एजंटाच्या आधी कळलेलं असतं.